पानाच्या मधोमध एक भोक

काल एकतीस. परवा तीस. तेरवा बत्तीस.

*

जुनी पँट उसवली की कापड खोटं बोलत नाही. दोरा निघून जातो, सुईची भोकं राहतात. कुठल्या साली कंबर सुटली, कुठल्या आजारपणात उतरली, सगळं तिथं लिहिलेलं असतं.

*

गेल्या वर्षी टोकनं पिवळी होती. यंदा गुलाबी आहेत. एवढ्या बदलासाठी तीन बैठका झाल्या आणि चौथीत तिसरीचं इतिवृत्त मंजूर झालं.

*

पन्नाशी उलटलेला एक माणूस रोज सकाळी सात वाजता बूट घालून पलंगाच्या कडेला बसतो. नाडीची गाठ दुहेरी. जेवणाआधी कुणीतरी येऊन ते बूट काढून ठेवतं.

*

कागदाला भोक पाडायचं कचेरीतलं एकुलतं एक यंत्र सहा वर्षांपूर्वी दुरुस्तीला गेलं. ते परत आणण्याचा प्रस्ताव तयार आहे. पण प्रस्ताव फायलीला लावायचा तर त्याला आधी भोक पाडावं लागतं.

*

एक फाईल हरवली.

शेरा : पुन्हा सादर करावे

"हरवली असं म्हणू नका हो, टेलरबाई," खिडकीवाला काचेच्या पलीकडून म्हणाला. "सध्या उपलब्ध नाही, असं म्हणा. बरं वाटतं ऐकायला."

"मला बरं वाटायला नकोय. मला फाईल हवीय."

"तेच तर. त्यासाठीच मी इथं बसलोय ना?"

खिडकीवाला हा त्या कचेरीतला सगळ्यात गोड माणूस. बाकीचे तोंड वर करून बघायचे नाहीत. हा नाव-गाव लक्षात ठेवायचा, गुडघेदुखीची चौकशी करायचा, आणि मग पुढची तारीख द्यायचा. "सोमवारी गर्दी असते, तुम्ही बुधवारी या. मास्तर, तुम्ही शुक्रवार धरा." लोक जाताना त्याचे आभार मानायचे. साप चावला तरी त्याचे दात स्वच्छ होते म्हणून खूश व्हावं, तसला प्रकार.

त्याच्या डाव्या हाताला लाकडी ठोकळ्यावर उभा लोखंडी सुळा होता, उजव्या हाताला जळती उदबत्ती. आलेलं टोकन घ्यायचं, बोलणं झालं की सुळ्यावर खोचायचं. मागे फळा: 'आजच्या चौकशा'. खाली खडूचा आकडा. एक वाजता खिडकी बंद झाली की तो आकडा वर साहेबांकडे जायचा.

टेलरबाई अकरा महिने येत होती. तिच्या दुकानावर पाटी होती, 'फक्त दुरुस्ती'. नवीन ती शिवत नसे. आई गेली तेव्हा ती एका खोलीत, मशीनच्या पायथ्याशी अंथरूण घालून राहायची. दादा तिच्याहून सहा वर्षांनी मोठा, पण मनाने सात-आठ वर्षांचाच राहिलेला. कचेरीने त्याला निवासी केंद्रात ठेवलं. 'तात्पुरतं' असं कागदावर होतं. मग तिने दोन खोल्या घेतल्या, अर्ज केला, तपासनीस येऊन खिडक्या मोजून गेले, मोरीत डोकावून गेले, शेजाऱ्यांना 'बाई कशा आहेत' विचारून गेले. सगळं झालं. राहिला तो फक्त आदेश, आणि आदेश त्या फायलीत.

आणि येत्या शनिवारी केंद्र बंद होणार होतं. तिथल्या माणसांना रेल्वेने दोन दिवसांच्या वाटेवर, दुसऱ्या केंद्रात हलवणार होते. एकदा तिकडे गेला की दादाचा कागद तिकडच्या कचेरीचा. म्हणजे पुन्हा श्रीगणेशा.

"आज बुधवार आहे," ती म्हणाली. "शनिवारी माझा भाऊ जाईल."

"कळतं हो मला. मलाही बहीण आहे." खिडकीवाल्याने जिभेने च्च केलं. "असं करू. नवा अर्ज टाका. नियमाप्रमाणे त्याला जुन्या अर्जाचं मूळ पान जोडावं लागतं. तेवढं एक पान मी तळघरातल्या दप्तरखान्यातून शोधून ठेवलंय, खास तुमच्यासाठी."

त्याने काचेच्या भोकातून पान सरकवलं. तिच्याच अक्षरातलं, तिचाच अंगठा जिथं घामाने उमटला होता ते. तिचं टोकन सुळ्यावर गेलं, खडूने आकडा पुढे सरकला.

दुपारी दुकानात तिने ते पान सवयीने खिडकीसमोर धरलं, गिऱ्हाइकाचं कापड धरते तसं. समासात उजेडाचे ठिपके दिसले. आणि पानाच्या मधोमध, 'माझा भाऊ' या शब्दांच्या खाली, अजून एक.

तिथं भोक पाडायचं जगात कुणाला काही कारण नव्हतं.

शेरा : चर्चा करावी

गुरुवारी तिने दुकान बंद ठेवलं.

यंत्र नाही म्हटल्यावर त्या कचेरीत ज्याने-त्याने आपापली सोय केली होती. फाईल एका टेबलावरून दुसऱ्यावर गेली की तिथला माणूस आधीचा दोरा सोडायचा आणि आपल्या हत्याराने आपलं भोक पाडून पुन्हा ओवायचा. आधीच्याचं भोक वापरणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात जेवणं. कामाचा कसलाही अभिमान नसलेल्या या माणसांना भोकाचा मात्र होता.

आवक टेबलावरची मुलगी कंपासाचं टोक वापरायची. तिने स्वतःच दाखवलं. "बघा ना काकू, किती बारीक पडतं. कागद फाटतच नाही."

"आणि शेजारचे?"

"ते खिळ्याने पाडतात. रानटी." ती कुजबुजली. शेजारचा कारकून पेपरातलं कोडं सोडवत होता. त्याने मान वर न करता विचारलं, "चार अक्षरी, विलंब?"

टेलरबाईने पान मांडीवर ठेवून मोजलं. पहिलं भोक बारीक, कंपासाचं. दुसरं कडा फाटलेलं, खिळ्याचं. तिसरं गोल, गुळगुळीत, मोठं.

तिसऱ्याची मालकीण आतल्या खोलीत होती. हेडक्लार्कबाई. टेबलावर लोकरीचा गुंडा, अर्धा स्वेटर, आणि फायलींच्या ढिगात खुपसलेली विणायची सुई.

"तुमची फाईल माझ्याकडून पुढे गेली," हेडक्लार्कबाई टाके मोजत म्हणाल्या. "पण साहेबांच्या सहीला पोचलीच नाही. वाटेत कुठंतरी... अठ्ठावीस, एकोणतीस... गहाळ."

"वाट किती लांब आहे?"

"काय?"

"तुमच्या टेबलापासून साहेबांच्या दारापर्यंत. मी आत्ता मोजली. नऊ पावलं."

हेडक्लार्कबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. अशी नजर माणसावर टाकायला पंचवीस वर्षांची नोकरी लागते. "नऊ पावलांतही फायली गहाळ होतात बाई. तुम्हाला कचेरीचं काम काय कळणार?"

"खरंय. मला शिवणकाम कळतं." ती पान न दाखवता म्हणाली, "साहेब कशाने भोक पाडतात हो?"

"साहेबांना भोकं खपत नाहीत. सहीचा कागद टाचणीने लावायचा, वरच्या कोपऱ्यात. आणि ती फक्त सहीलाच. दुसरीकडे टाचणी वापरली तर मेमो निघतो."

टेलरबाई जिन्यापर्यंत आली, कठड्याला टेकली, आणि तिने पान उघडलं. वरच्या डाव्या कोपऱ्यात दोन सूक्ष्म ठिपके होते. दोघांभोवती गंजाची कडी.

म्हणजे फाईल सहीला गेली होती.

शेरा : दप्तरी दाखल

दप्तरखान्यात एक दिवा, एक खुर्ची, आणि खुर्चीवर एक म्हातारा. दप्तरवाला. तो बोलायला इतका आसुसलेला होता की तिने 'नमस्कार' म्हटल्यावर त्याने तिला आपलं स्टूल दिलं आणि स्वतः उभा राहिला.

"हे पान इथून गेलं?" तिने विचारलं.

त्याने ते नाकाशी धरून हुंगलं. "नाही. इथल्या कागदाला ओल लागते. याला उदबत्तीचा वास सोडून कसलाच वास नाही. इथं उदबत्ती कोण लावतंय? माझ्याकडे तुमची फाईल कधी आलीच नाही. आली असती तर मी चौथ्या दिवशी दिली असती. ती तर माझी खोड. तिनेच घात केला."

"कसला घात?"

"मी पूर्वी वर होतो. खिडकी नंबर तीन." एखाद्याने सुटलेल्या गावाबद्दल सांगावं तशा सुरात त्याने सांगितलं. "सहा खिडक्या होत्या तेव्हा. मग नियम निघाला. ज्या खिडकीवर दिवसाला तीस चौकशा होत नाहीत ती लोकांना नकोय असं समजायचं. आकडा तिसाच्या खाली गेला की दुसऱ्या दिवशी खिडकी बंद, माणूस तळघरात. आता मला सांगा, मी लोकांची कामं करून टाकायचो. काम झालेला माणूस परत कशाला येईल? पंधरा दिवसांत माझा आकडा नऊवर. मग चार नंबर आला खाली, मग एक नंबर. आम्ही पाच जण होतो इथं, पत्ते खेळायचो. बाकीचे निवृत्त झाले."

"आणि सहावा?"

"तो वर आहे की. त्याचा आकडा वर्षभरात कधी खाली गेलेला नाही. साहेबांनी त्याचा शाल देऊन सत्कार केला, लोकांचा विश्वास संपादन केला म्हणून."

टेलरबाईने पर्समधून सुई काढली, पान दिव्याखाली धरलं आणि मधल्या भोकाच्या कडेवरून सुईचं टोक अलगद फिरवलं. उसवलेल्या शिवणीत जुन्या दोऱ्याचा तुसा राहतो, तसा तिथं कागदाचा एक कण अडकला होता. तिने तो तळहातावर घेतला.

कण पिवळा होता.

शेरा : तातडीचे

शुक्रवारी सकाळी साडेनऊला, खिडकी उघडायच्या आत, रांगेत अठ्ठावीस माणसं उभी होती. टेलरबाईने ती मोजली. मग एकेकाला विचारत गेली: किती दिवस येताय?

निवृत्त ड्रिल मास्तर दोन वर्षं येत होता. त्याच्या शाळेने त्याच्या वयाचा दाखला चुकवला होता आणि कचेरीच्या हिशोबी तो त्याच्या मुलाहून लहान होता. "गेल्याच शुक्रवारी झालं असतं," तो म्हणाला, "पण खिडकीवाले म्हणाले, एक शुक्रवार अजून." चष्मेवाली सात महिने. बेकरीवाला चौदा. अठ्ठाविसांपैकी नवीन माणसं चार. उरलेल्यांना शुक्रवार कुणी दिला? एकच उत्तर, चोवीस वेळा.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमचा आवाज अजून शाबूत आहे ना?"

"एका हाकेत आठशे पोरं बसवली आहेत मी."

"मग अठ्ठावीस बसवा. त्या समोरच्या बाकांवर. कुणी टोकन घ्यायचं नाही, कुणी काही विचारायचं नाही. एक वाजेपर्यंत."

"आणि मग आमची कामं?" बेकरीवाला उसळला. "पुन्हा महिनाभर थांबायचं?"

"चौदा महिने विचारून काय मिळालं भाऊ? आज न विचारून बघा."

दहाला काच सरकली. खिडकीवाल्याने चेहऱ्यावर हसू चढवलं, टोकनांचा गुलाबी गठ्ठा पुढे केला आणि बाहेर पाहिलं. समोर मोकळी फरशी. पलीकडे बाकांवर अठ्ठावीस माणसं, हात मांडीवर, वर्गात बसावीत तशी.

"या," तो म्हणाला.

कुणी हललं नाही.

साडेदहाला त्याने काच पुसली. अकराला त्याने मास्तरांच्या गुडघ्याची लांबूनच विचारपूस केली. मास्तर म्हणाले, "मजेत आहे," आणि ते चौकशीत धरता येईना, कारण ती त्याचीच होती. साडेअकराला एक परका माणूस मुतारी कुठं आहे विचारायला आला, तर खिडकीवाल्याने त्याला घाईघाईने टोकन दिलं, काढून घेतलं, सुळ्यावर खोचलं आणि फळ्यावर ठळक एक काढला. बाकांवरून खसखस पिकली. नव्या येणाऱ्याला मास्तर दारातच गाठत होते.

साडेबाराला बाजूचं दार उघडलं आणि खिडकीवाला बाहेर आला. अकरा महिन्यांत टेलरबाईने त्याला कमरेखाली पाहिलंच नव्हतं. पँट दोन इंच लांब होती आणि टाचेखाली येऊन झिजली होती. दुरुस्तीला आलेला माणूस.

"काय चाललंय हे? विचारा ना काहीतरी! मी नाही कधी म्हटलंय का?"

"तुम्ही कधीच नाही म्हटलं नाही," टेलरबाई उठली. "तीच तर तुमची कला. मी सांगते, चुकलं तर थांबवा." तिने पान उजेडाकडे धरलं. "हे कंपासाचं भोक. आवक टेबल. हे खिळ्याचं, कारकून. हे विणायच्या सुईचं, हेडक्लार्कबाई. हे टाचणीचे दोन ठिपके, आणि टाचणी इथं फक्त सहीला लागते. म्हणजे सही झाली. सही झालेला कागद अर्जदाराला कोण देतं?"

"खिडकी," मास्तर म्हणाले.

"आता हे मधलं. पानाच्या पोटात भोक पाडणारं हत्यार या कचेरीत एकच आहे. काम होऊन कागद हातात आला आणि सवयीने सुळ्यावर गेला. टोकनांवर. भोकात पिवळा कण निघाला. पिवळी टोकनं गेल्या वर्षीची. म्हणजे गेल्या वर्षापासून माझा कागद तुमच्याकडे आहे. तुम्ही म्हणालात दप्तरखान्यातून आणला. त्याला दप्तरखान्याची ओल नाही, तुमच्या उदबत्तीचा वास आहे."

खिडकीवाल्याने वरच्या जिन्याकडे पाहिलं.

"चोराला पैसा हवा असतो," ती म्हणाली, "तुम्हाला तेवढीही अक्कल नाही. तुम्हाला आम्ही हवे होतो. नुसते उभे. काम झालेला माणूस परत येत नाही, म्हणून कुणाचं होऊच द्यायचं नाही. आणि दिवस वाटून द्यायचे, म्हणजे रोज तीस भरतील. पान परत दिलंत कारण नियमात तसं लिहिलंय. भाऊ अडवायला नियम लागला नाही, पान द्यायला लागला."

"तुम्हाला ठाऊक नाही हो तळघर कसं आहे." त्याचा आवाज पहिल्यांदाच गोड नव्हता. "तिथं खिडकी नाही."

"माझ्या भावाच्या खोलीला आहे. तो त्यातून फाटकाकडे बघत बसतो." तिने घड्याळाकडे बोट केलं. "एक वाजायला वीस मिनिटं आहेत. ज्याची फाईल हातात येईल तो टोकन घेऊन एक प्रश्न विचारेल. मोजा, किती होतात."

त्याने मनातल्या मनात मोजलं: बाकांवरचे अठ्ठावीस, मुतारीचा एक, बाई एक. ओठ हलले. मग तो आत गेला आणि काउंटरखालची लाकडी फळी ओढली.

फायली एकशे एकवीस निघाल्या. नीट लावलेल्या, वारानुसार.

शेरा : नस्तीबद्ध

गलबला ऐकून साहेब जिन्याच्या मधल्या पायरीपर्यंत आले. त्याखाली ते उतरत नसत. हेडक्लार्कबाई मागे, हातात स्वेटर. सगळं ऐकून घेतल्यावर साहेबांनी गंभीरपणे मान हलवली.

"हे अतिशय गंभीर आहे. आपण हे सगळं लेखी द्या."

"कुठं?"

"खिडकीवर."

बेकरीवाला आयुष्यात प्रथम मोठ्याने हसला, हातात चौदा महिन्यांचा कागद घेऊन. त्याने नियमाप्रमाणे टोकन घेतलं आणि आत तोंड घालून विचारलं, "किती वाजले?" चष्मेवालीने विचारलं, "आज वार कोणता?" मास्तरांनी विचारलं, "माझं वय काय?"

एक वाजता फळ्यावर पंचवीस होते. मुतारीसकट. नव्या चौघांच्या तर फायलीच नव्हत्या.

टेलरबाईने आकडा वाढवला नाही. तिने टोकन न घेताच फळीवरची आपली फाईल उचलली, हा तिचा या गोष्टीतला एकमेव गुन्हा. पुढे या प्रकरणी चौकशी समिती बसली. दोष कुणाचाच निघाला नाही, मात्र अर्जदार महिलेने टोकनशिवाय कागद नेल्याची नोंद झाली. खिडकी 'जनतेच्या अल्प प्रतिसादामुळे' बंद करण्यात आली. दप्तरवाल्याला पत्त्यांच्या डावाला भिडू मिळाला.

त्या संध्याकाळी केंद्राच्या फाटकातून आत शिरताना पावणेपाच वाजले होते. केंद्रावरच्या वॉर्डनने आदेश उलटा-सुलटा वाचला, शिक्का नखाने खरवडून पाहिला आणि म्हणाला, "यावर मधोमध भोक आहे. चालेल का कुणास ठाऊक."

"चालतं," टेलरबाई म्हणाली. तिने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती तिने हेडक्लार्कबाईंकडून कालच उचलली होती. वॉर्डनने सही केली.

दादा पलंगाच्या कडेला होता. गठडी बांधलेली. त्या सकाळी म्हणे त्याने बूट काढू दिले नव्हते, जेवणालाही नाही. हातात बटणांचा डबा. दोन भोकांची एका कप्प्यात, चार भोकांची दुसऱ्यात.

"आज?" त्याने विचारलं. हा प्रश्न तो दर भेटीत विचारायचा. तिने दर भेटीत नवं काहीतरी सांगितलं होतं.

"आज."

तो उठला, चार पावलं गेला, मग थांबून खाली वाकला आणि दुहेरी गाठ तपासली. तिने गठडी घेतली. फाटकाबाहेर आल्यावर त्याने मागे वळून आपल्या खिडकीकडे पाहिलं, जणू तिथं अजून कुणी बसलंय आणि त्याला हात करायला हवा. त्याने हात केला.

गेल्या वर्षी, साहेबांनी आदेशावर सही केली त्याच्या दुसऱ्या दिवशी, टेलरबाई पहिल्यांदा त्या खिडकीसमोर जाऊन उभी राहिली, तेव्हा एक वाजत आला होता, फळ्यावरचा आकडा तिसाला टेकला नव्हता, आणि रांगेत तिच्यापुढे एकही माणूस नव्हता.